पानथरीत पाण्याची गाठ: ऑपरेशन दुर्बिणीने होईल, पण पानथरी राहील का?

समजा, तुर्भ्यात राहणारा २२-२३ वर्षांचा एक मुलगा आहे. पहाटे एपीएमसी मार्केटमध्ये गाड्या भरायला जातो, संध्याकाळी मित्रांबरोबर कबड्डी खेळतो. दोन महिने झाले, त्याला डाव्या बरगडीखाली जड वाटतंय. दोन चपात्या खाल्ल्या की पोट गच्च होतं. मेडिकलवरून आणलेली ॲसिडिटीची गोळी घेऊन झाली, ओवा-सोडा घेऊन झाला. शेवटी नाक्यावरच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला सांगितली आणि रिपोर्टवर दोन शब्द आले: 'स्प्लेनिक सिस्ट'.

घरी पोहोचेपर्यंत हे दोन शब्द गुगलवर टाकून झालेले असतात. एकीकडे 'तरुणाच्या पोटातून काढली महाकाय गाठ' अशा बातम्या दिसतात, दुसरीकडे गाठ 'वितळवणाऱ्या' काढ्यांचे रील्स. नातेवाईकांच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत असतो: दुर्बिणीने होईल का, की पोट फाडावं लागेल?

प्रश्न रास्त आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा: गाठ काढताना पानथरी वाचणार आहे का? वय जितकं कमी, तितका या प्रश्नाला जास्त अर्थ आहे.

पानथरी कुठे असते, काय करते?

स्प्लीन म्हणजे प्लीहा, आपल्याकडचा जुना शब्द पानथरी. पोटाच्या डाव्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड ती लपलेली असते. मोठ्या माणसात तिचं वजन साधारण १५० ग्रॅम. निरोगी असेल तर बाहेरून हाताला लागतही नाही.

मलेरियामुळे आपल्याकडे या अवयवाचं नाव तरी लोकांच्या कानावर असतं. ताप मुरला की पानथरी वाढते, हे आजीलाही ठाऊक असायचं. पण ती नेमकं काय करते, हे विचारलं तर फारसं कुणी सांगू शकत नाही.

तिची कामं दोन. पहिलं गाळणीचं. लाल रक्तपेशी म्हाताऱ्या झाल्या की त्यांचा लवचिकपणा जातो. पानथरीतल्या अरुंद फटींमधून त्या पार होऊ शकत नाहीत, तिथेच अडकतात आणि मोडीत निघतात. शरीरातल्या प्लेटलेट्सपैकी साधारण एक तृतीयांश साठाही इथेच असतो.

दुसरं काम पहाऱ्याचं आहे. काही जिवाणूंच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं एक गुळगुळीत कवच असतं. न्यूमोनिया आणि मेंदूज्वर घडवणारे न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब हे त्यातले मुख्य. या कवचामुळे ते इतर पहारेकऱ्यांच्या हातून निसटतात. त्यांना रक्तातून वेचून काढण्यात पानथरीइतकं तरबेज शरीरात दुसरं कुणी नाही.

शंभर वर्षं डॉक्टरांनाही हे नीट माहीत नव्हतं

पानथरीतल्या गाठीवरच्या ऑपरेशनचा इतिहास जुना आहे, आणि त्याची सुरुवातही तरुण रुग्णापासूनच होते. १८६७ साली पॅरिसमध्ये झ्यूल पेआँ या सर्जनने २० वर्षांच्या एका तरुणीच्या पानथरीतली मोठी गाठ पानथरीसकट काढली आणि ती तरुणी वाचली. जंतुनाशक वापरून ऑपरेशन करण्याबद्दलचे जोसेफ लिस्टर यांचे लेख त्याच वर्षी छापून येत होते. त्या काळात पोट उघडून माणूस जिवंत राहणं हीच मोठी गोष्ट होती. पानथरीशिवाय माणूस जगू शकतो, हेही अशा ऑपरेशनांमधून दिसलं, आणि पुढची अनेक दशकं 'पानथरीचं तसं काही काम नाही' असाच समज राहिला. गाठ आली, काढा. अपघातात फाटली, काढा.

या समजाला मोठा धक्का बसला तो १९५२ मध्ये. अमेरिकेतले डॉक्टर हॅरॉल्ड किंग आणि हॅरिस शुमेकर यांनी पाच तान्ह्या बाळांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. रक्ताच्या एका आनुवंशिक आजारासाठी या बाळांची पानथरी काढली होती. ऑपरेशन नीट पार पडलं होतं, पण पुढे त्या सगळ्यांना गंभीर संसर्ग झाला आणि त्यातली दोन दगावली. मग जगभरातून अशा नोंदी येऊ लागल्या. पानथरी नसलेल्या माणसाला साधा वाटणारा ताप येतो आणि एक-दोन दिवसांत, कधी काही तासांतच, संसर्ग सगळ्या रक्तात पसरतो.

असा संसर्ग सर्रास होत नाही, हे लगेच सांगायला हवं. पानथरी काढलेले बहुतेक लोक आयुष्यभर ठणठणीत राहतात. पण ज्यांना तो होतो त्यांच्यातले निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. लहान मुलांना धोका अधिक असतो. ऑपरेशननंतरची पहिली दोन-तीन वर्षं जास्त जोखमीची, पण धोका पूर्ण कधीच संपत नाही. साठीतल्या माणसाची पानथरी काढणं आणि १२ वर्षांच्या मुलीची काढणं यात म्हणूनच फरक आहे. त्या मुलीला पुढची साठ-सत्तर वर्षं या धोक्यासोबत काढायची असतात.

गाठ येते कुठून?

सिस्ट म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी. पानथरीत ती क्वचितच होते, आणि झाली तर बहुतेक वेळा कॅन्सरची नसते. तिचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिली जन्मजात. गर्भात पानथरी घडताना काही पेशी चुकीच्या जागी अडकून राहतात. त्यांचं अस्तर तयार होतं आणि ते हळूहळू द्रव सोडत राहतं. पिशवी वर्षानुवर्षं वाढते आणि शाळकरी वयात किंवा विशीत लक्षात येते. मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये सापडणाऱ्या गाठींमध्ये हा प्रकार महत्त्वाचा आहे. 'अस्तर' हा शब्द लक्षात ठेवा. पुढे उपचार ठरवताना सगळं त्याच्यावर येतं.

दुसरी माराची. पोटाला डावीकडे जोरात फटका बसला की पानथरीच्या आत रक्त साकळतं. पुढे ते विरघळून पाणी होतं आणि त्याभोवती भिंत तयार होते. या भिंतीला आतून अस्तर नसतं, म्हणून तिला खोटी सिस्ट म्हणतात. तुर्भ्यासारख्या ठिकाणी असा फटका बसायला कारणं हवी तेवढी आहेत. ठाणे-बेलापूर रस्त्यावर बाइक घसरते, ट्रकमधून उतरवताना गोणी अंगावर येते, एमआयडीसीत एखादा पाइप बरगडीवर आपटतो, कबड्डीत गुडघा बसतो. त्या वेळी दोन दिवस दुखतं आणि माणूस विसरून जातो. महिन्यांनी किंवा वर्षांनी सोनोग्राफीत गाठ दिसते, डॉक्टर विचारतात 'कधी पडला होतात का?' आणि उत्तर येतं 'नाही'. घरच्यांना विचारलं की आठवतं.

तिसरी कुत्र्याच्या पोटातल्या जंताची. तिला हायडॅटिड म्हणतात. काही मिलिमीटर लांबीचा हा पट्टकृमी कुत्र्याच्या आतड्यात राहतो आणि त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. मेंढ्या-बकऱ्यांच्या पोटात ती चरताना जातात. माणसाच्या पोटात न धुतलेल्या हातांमधून किंवा पालेभाजीतून जातात. ही गाठ सहसा यकृतात किंवा फुप्फुसात होते. पानथरीत होण्याचं प्रमाण शंभरात पाचांहूनही कमी. तरीही मेंढपाळी आणि भटकी कुत्री असलेल्या आपल्यासारख्या प्रदेशात डॉक्टरांना ही शक्यता आधी तपासावीच लागते. कारण या गाठीतला द्रव पोटात सांडला तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते, आणि त्यातून पोटभर नव्या गाठी रुजू शकतात.

म्हणूनच 'सुई घालून पाणी काढून टाकू' असं कुणी पहिल्याच भेटीत म्हणालं तर थांबायला हवं. हायडॅटिड नाही ना, हे रक्ताच्या चाचणीने आणि स्कॅनने पाहिल्याशिवाय सुई लावायची नसते.

दुखतं का? कधी घाबरायचं?

बऱ्याचदा काहीच होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत गाठ सापडते. मोठी झाली की शेजारच्या जठराला दाबते, म्हणून थोड्या जेवणात पोट भरतं. कधी मळमळ, कधी बद्धकोष्ठ. काहींचा डावा खांदा दुखतो. पानथरीच्या वर असलेल्या श्वासपटलाची नस आणि खांद्याची संवेदना मानेतल्या एकाच भागातून येतात, त्यामुळे पोटातल्या दुखण्याची तक्रार खांदा करतो. खांद्याला बाम चोळून अर्थातच काही होत नाही.

गाठीत रक्तस्राव होऊ शकतो, पू होऊ शकतो, आणि मोठी गाठ मार लागून फुटू शकते. पोटात एकदम तीव्र कळ, चक्कर, घाम, चेहरा पांढरा पडणं यातलं काही झालं तर थेट मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठायची. गाठ मोठी आहे हे कळल्यावर उपचार होईपर्यंत कबड्डी, कुस्ती आणि जड ओझी बंद. ज्याचं पोट गोण्या उचलण्यावर आहे त्याला हे सांगणं सोपं नाही, पण याला पर्यायही नाही.

एक गोष्ट इंटरनेटवाल्यांसाठी. जन्मजात गाठीच्या काही रुग्णांत 'सीए १९-९' ही रक्तचाचणी वाढलेली येते. ती गुगल केली की स्वादुपिंडाचा कॅन्सर समोर येतो आणि घरात रडारड होते. प्रत्यक्षात गाठीचं अस्तरच हा पदार्थ तयार करत असतं आणि गाठ काढल्यावर आकडा खाली येतो. आकडा वाढलेला असेल तर डॉक्टर तपासणी करतीलच, पण त्या एका आकड्यावरून कॅन्सर ठरत नाही.

आणि काढ्यांबद्दल: जन्मजात किंवा माराची गाठ कोणत्याही गोळीने, काढ्याने, पाल्याच्या रसाने विरघळत नाही. जंताच्या गाठीसाठी अल्बेंडाझोल हे औषध आहे, पण ते ऑपरेशनच्या आधी आणि नंतर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि यकृताच्या चाचण्या करत घ्यायचं असतं. शाळेत मिळणारी जंताची एक गोळी हा त्यावरचा उपचार नव्हे.

प्रत्येक गाठ काढावीच लागते का?

नाही. हायडॅटिड नसलेली, लहान आणि त्रास न देणारी गाठ फक्त बघत राहायची असते. ठरावीक महिन्यांनी सोनोग्राफी आणि आकाराची नोंद. साधारण ५ सेंटिमीटरच्या पुढे गेलेली, वाढत असलेली किंवा दुखणारी गाठ असेल तर डॉक्टर उपचाराचा विचार करतात. ५ ही काही दगडावरची रेघ नाही. पातळ अंगाच्या ८ वर्षांच्या मुलात ५ सेंटिमीटरची गाठ आणि धिप्पाड तरुणात तेवढीच गाठ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ऑपरेशनआधी बहुतेकदा सीटी स्कॅन होतो. गाठ पानथरीच्या वरच्या टोकाला आहे, खालच्या टोकाला आहे की रक्तवाहिन्या आत शिरतात त्या मधल्या दाराशी आहे, हे त्यात दिसतं. पानथरी वाचेल की नाही, याचा पहिला अंदाज इथेच येतो. गाठ जन्मजात की माराची, हे मात्र स्कॅनवरून दर वेळी खात्रीने सांगता येत नाही. ते काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर, अस्तर आहे की नाही यावरून ठरतं.

दुर्बिणीचं ऑपरेशन: छोटं भोक, अवघड काम

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा भारतातला इतिहास तुर्भ्यापासून फार लांब नाही, खाडीपलीकडे भायखळ्याच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये आहे. डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९७२ पासून तिथे पोटात दुर्बीण घालून निदान करायला सुरुवात केली. १९९० मध्ये त्यांनी भारतातलं पहिलं दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन केलं. हे तंत्र श्रीमंतांची चैन नाही, उलट लवकर कामावर परतावं लागणाऱ्या गरिबालाच त्याचा फायदा जास्त, अशी त्यांची भूमिका होती. २०१७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं आणि २०२३ मध्ये त्यांचं निधन झालं. पानथरी दुर्बिणीतून काढण्याची सुरुवातही साधारण त्याच काळातली, १९९१ मध्ये पॅरिसमध्ये झालेली.

पित्ताशयानंतर पानथरीकडे वळायला सर्जन बिचकत होते, त्याला कारण होतं. पानथरी म्हणजे रक्ताने भिजलेला स्पंज. तिला टाका घालायला गेलं तर दोरा लोण्यातून जावा तसा फाडत जातो. चुकून खरचटली तरी रक्त थांबवणं कठीण.

ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं. रुग्णाला उजव्या कुशीवर, डावी बाजू वर येईल असं झोपवतात, म्हणजे आतडी आपल्याच वजनाने खाली सरकतात आणि पानथरी समोर येते. अर्ध्या ते सव्वा सेंटिमीटरची तीन-चार भोकं पाडतात. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून तंबूसारखी जागा करतात. एका भोकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारं.

इथपर्यंत सगळं सारखंच. यापुढे आत काय करायचं, याचे वेगवेगळे पर्याय आहेत आणि बातम्यांमध्ये 'दुर्बिणीने यशस्वी शस्त्रक्रिया' या तीन शब्दांत ते सगळे एकच होऊन जातात.

सगळ्यात सोपा पर्याय म्हणजे गाठीचं छत उघडणं. आधी द्रव शोषून घेतात, मग पानथरीच्या बाहेर आलेली गाठीची भिंत कापून काढतात. पिशवीचं तोंड असं मोठं उघडं ठेवलं की नवीन द्रव साचत नाही, पोटातच जिरतो. रक्तस्राव कमी, वेळ कमी, पानथरी जवळजवळ पूर्ण शिल्लक. माराच्या गाठीसाठी हे बऱ्याचदा पुरतं.

जन्मजात गाठीत मात्र पेच येतो. तिचं अस्तर जिवंत असतं. छत काढलं तरी तळाला चिकटलेलं अस्तर राहतं, ते पुन्हा द्रव सोडतं, कडा जुळून येतात आणि काही महिन्यांनी गाठ परत हजर. मुलांवरच्या अनेक अभ्यासांत हे दिसल्यानंतर अशा गाठींसाठी सर्जन दुसऱ्या पर्यायाकडे जास्त वळू लागले.

तो पर्याय म्हणजे पानथरीचा फक्त गाठ असलेला भाग काढणं. हे शक्य होतं ते पानथरीच्या रचनेमुळे. तिची मुख्य धमनी आत शिरण्याआधीच फुटते आणि एकेक फांदी आपापल्या भागाला रक्त देते. साधारण एकेका वाडीला स्वतंत्र पाइपलाइन असावी, तसं. सर्जन गाठीच्या भागाकडे जाणारी फांदी शोधून क्लिप लावून बंद करतात आणि थांबतात. काही क्षणांत पडद्यावर रंग बदलायला लागतो. जिथे रक्त पोहोचत नाही तो भाग काळपट जांभळा पडतो, बाकीची पानथरी लालसर राहते आणि दोन्हींच्या मध्ये स्पष्ट रेघ उमटते. कुठे कापायचं हे शरीरच आखून देतं. त्या रेघेच्या जरा आत, काळपट बाजूने, उष्णता देऊन रक्त गोठवणाऱ्या हत्याराने हळूहळू कापत जातात. सुटलेला तुकडा पिशवीत भरून एका भोकाला थोडं मोठं करून बाहेर काढतात. एक चतुर्थांशाच्या आसपास पानथरी रक्तपुरवठ्यासह उरली तरी ती पहाऱ्याचं काम पुष्कळसं सांभाळते, असं मानलं जातं.

पानथरीचा भाग वाचवण्याची कल्पना दुर्बिणीच्या आधीची आहे. ब्राझीलचे सर्जन मार्सेल काम्पोस ख्रिस्टो यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला, फाटलेल्या पानथरीचे तुकडे रक्तवाहिन्यांच्या नकाशाप्रमाणे काढून उरलेली वाचवून दाखवली होती. दुर्बिणीने ते काम छोट्या भोकांतून करायची सोय झाली, इतकंच. पण प्रत्येक दुर्बीण सर्जन हे नियमित करत नाही. पित्ताशय आणि अपेंडिक्सची शेकडो ऑपरेशनं केलेल्या डॉक्टरनेही पानथरीचा अर्धा भाग काढण्याचं ऑपरेशन मोजकंच केलेलं असू शकतं. 'तुम्ही किती केली आहेत?' हे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगले डॉक्टर शांतपणे उत्तर देतात.

सुईने पाणी काढून आत अल्कोहोलसारखं औषध सोडण्याचा प्रकारही आहे. नुसतं पाणी काढलं तर गाठ बहुधा परत भरते. औषध सोडल्याने अस्तर जळावं अशी अपेक्षा असते. ऑपरेशन झेपणार नाही अशा निवडक रुग्णांत हा मार्ग घेतात.

आणि कधी कधी पूर्ण पानथरी काढणंच योग्य असतं. गाठ एवढी मोठी की निरोगी पानथरीची नुसती साल उरली आहे, किंवा गाठ बरोबर रक्तवाहिन्यांच्या दाराशी आहे, किंवा ऑपरेशन चालू असताना रक्त थांबत नाही. अशा वेळी पानथरी वाचवायच्या हट्टाने जीव धोक्यात घालायचा नसतो. तसंच, दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन मध्येच पोट उघडून पूर्ण करावं लागलं तर ते डॉक्टरांचं अपयश नाही. संमतीपत्रावर ती ओळ असते, फक्त सही करताना कुणी वाचत नाही.

बाहेरून पाहिलं तर छत काढलेल्या, अर्धी पानथरी काढलेल्या आणि पूर्ण पानथरी काढलेल्या अशा तिघांच्याही पोटावर सारखेच छोटे व्रण दिसतील. तिघांचं पुढचं आयुष्य सारखं नसेल.

लस आधी घ्यायची

हा भाग सगळ्यात जास्त राहून जातो. पानथरी काढली जाण्याची शक्यता असेल तर न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब यांच्या लसी ऑपरेशनच्या किमान १४ दिवस आधी घ्यायच्या असतात. पानथरी जागेवर असताना लसीला शरीर चांगला प्रतिसाद देतं. तातडीचं ऑपरेशन झालं तर साधारण दोन आठवड्यांनी देतात. अर्धीच पानथरी काढायचं ठरलेलं असलं तरी लसी आधी घेऊन ठेवणं शहाणपणाचं, कारण टेबलावर बेत बदलू शकतो.

'लहानपणी सगळ्या लसी झाल्यात' हे इथे पुरत नाही. सरकारी लसीकरणात न्यूमोकोकसची लस २०१७ मध्ये काही राज्यांत सुरू झाली आणि २०२१ मध्ये देशभर पोहोचली. हिबचा समावेश असलेली पेंटाव्हॅलंट लस २०११ मध्ये केरळ आणि तमिळनाडूपासून सुरू झाली. आज जे विशीत आहेत त्यांच्या बाळपणी यातलं काहीच सरकारी केंद्रावर मिळत नव्हतं. त्यांची लसीकरणाची वही पूर्ण भरलेली असली तरी या लसी त्यात नसणार. न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकसच्या लसी मोठ्यांना बहुधा विकतच घ्याव्या लागतात, त्यामुळे तो खर्च आधीच विचारून ठेवायला हवा.

पूर्ण पानथरी गेलेल्या माणसाने दर वर्षी फ्लूची लस घ्यायची. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट पाहायची नाही, त्याच रात्री हॉस्पिटल गाठायचं आणि दारातच सांगायचं, 'माझी पानथरी काढलेली आहे.' नवी मुंबईच्या पावसाळ्यात हे विशेष लक्षात ठेवायला हवं, कारण पानथरी नसलेल्यांना मलेरियाही जास्त त्रास देऊ शकतो आणि तापाची साथ असताना 'व्हायरल असेल' म्हणून दोन दिवस सहज जातात. कुत्रा चावला तर रेबीजच्या लसीसोबत पानथरी नसल्याचंही सांगायचं. कुत्र्याच्या तोंडातला एक जिवाणू अशा माणसाच्या रक्तात वेगाने पसरू शकतो, त्यासाठी अँटिबायोटिक लागतं. लहान मुलांना डॉक्टर काही वर्षं रोज पेनिसिलिनही देतात.

खर्च आणि तुर्भ्याहून कुठे जायचं

तुर्भे स्टोअर किंवा तुर्भे गावातून पहिली सोनोग्राफी जवळपास कुठेही होते. पुढे नवी मुंबई महापालिकेचं वाशीचं हॉस्पिटल आहे, नेरूळ-बेलापूरच्या बाजूला मोठी खासगी आणि मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं आहेत. हार्बर लाइन पकडली की मुंबईतली सरकारी आणि महापालिकेची हॉस्पिटलं येतात: सायन, केईएम, जे. जे. मूल लहान असेल तर लहान मुलांचा सर्जन असलेलं हॉस्पिटल पाहावं. मुलांच्या शस्त्रक्रियेचा तो वेगळा विभाग असतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण वर्षाला प्रति कुटुंब दीड लाख होतं, ते ५ लाख रुपये करण्याचा आणि सर्व रेशनकार्डधारकांना योजनेत घेण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२३ मध्ये घेतला. रेशनकार्ड गावचं, सातारा-सांगलीचं असलं तरी चालतं, राज्यातलं हवं. उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेल्या कुटुंबांकडे आयुष्मान कार्ड असेल तर तेही इथल्या पॅनेलवरच्या हॉस्पिटलमध्ये वापरता येतं. मात्र योजनेत ऑपरेशनं पॅकेजच्या नावाने बांधलेली असतात. 'पानथरी काढणे' या नावाचं पॅकेज मंजूर होतंय की 'पानथरीचा भाग काढणे' किंवा 'सिस्टचं ऑपरेशन', हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारा आणि तेच नाव सर्जनला सांगून खात्री करा.

ऑपरेशननंतर गुंतागुंत नसेल तर दोन ते चार दिवसांत घरी सोडतात. कॉलेज किंवा बसून करायचं काम आठवड्या-दोन आठवड्यांत सुरू होतं. गोण्या उचलायला निदान महिना-दीड महिना नाही, आणि अर्धी पानथरी वाचवलेली असेल तर कबड्डीला सर्जन परवानगी देईपर्यंत मैदानाबाहेर बसायचं. नंतर ठरावीक अंतराने सोनोग्राफी, गाठ परत भरत नाही ना हे पाहायला.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर 'लॅप्रोस्कोपिक सर्जरी फॉर स्प्लेनिक सिस्ट' एवढंच लिहिलेलं असेल तर तिथल्या तिथे दोन गोष्टी लिहून मागा: पानथरी पूर्ण काढली की किती शिल्लक आहे, आणि कोणत्या लसी कोणत्या तारखेला दिल्या. काढलेल्या तुकड्याचा पॅथॉलॉजी रिपोर्ट काही दिवसांनी येतो, बरेच जण तो आणायला परत जातच नाहीत. तो आणून फाइलमध्ये लावा आणि तिन्हींचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तीन वर्षांनी जुलै महिन्यात ताप आला तर ड्यूटीवरचे डॉक्टर नवे असतील, आणि पोटावरच्या तीन छोट्या व्रणांवरून त्यांना आतलं काही कळणार नाही.